पहिला पेशंट

मला राग लवकर येतो असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. मला राग आलेलाच असतो, लोकांचं लक्ष उशिरा जातं. त्या दिवशी मात्र छापखान्यातल्या सगळ्यांचं लक्ष एकदम गेलं, कारण मी हातातला लाल पेन टेबलावर असा आपटला की त्याचं टोपण उडून थेट मालकांच्या चहात पडलं.

मी छापखान्यात प्रुफं तपासते. लग्नाची कार्डं, औषधांची माहितीपत्रकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, जे येईल ते. शिवाय गिऱ्हाइकानं इंग्रजी मजकूर आणला तर तो आपल्या भाषेत करून देते. त्याचे मालक गिऱ्हाइकाकडून वेगळे पैसे घेतात आणि मला वेगळा चहा देतात. त्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलचं काम आलं होतं. किडनी बदलण्याच्या शस्त्रक्रियेला तिथे पंचवीस वर्षं झाली म्हणून समारंभ होता. ज्यांनी ती सुरू केली त्या मोठ्या डॉक्टरांना मानपत्र द्यायचं होतं. मानपत्र इंग्रजीत होतं आणि ते दोन्ही भाषांत छापायचं होतं.

पहिल्याच ओळीत डॉक्टरांना 'पायोनिअर' म्हटलं होतं. ठीक. खाली लिहिलं होतं की पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी ज्याला पहिली किडनी बसवली, तो रुग्ण क्रमांक एक, व्यवसायानं शिंपी, आजही ठणठणीत आहे आणि समारंभात व्यासपीठावर बसणार आहे.

इथे टोपण उडालं.

कारण पहिला तो नव्हता. पहिला माझा भाऊ होता. माझ्या पाठचा, सतत काहीतरी गुणगुणायचा म्हणून घरात सगळे त्याला भुंगा म्हणायचे. शिंप्याच्या काही महिने आधी त्याच हॉस्पिटलात, त्याच डॉक्टरांनी त्याला किडनी बसवली होती. किडनी माझी होती, म्हणजे मी काही ऐकीव सांगत नाहीये. भुंगा महिनाभरही जगला नाही. म्हणून त्यांच्या लेखी तो झालाच नाही.

"काय झालं?" मालकांनी चमच्यानं टोपण बाहेर काढत विचारलं.

"यात चूक आहे."

"करा दुरुस्त. त्याचाच पगार घेता ना?"

मी केली. 'क्रमांक एक' खोडून 'क्रमांक दोन' लिहिलं आणि समासात प्रश्नचिन्ह टाकलं. आमच्या धंद्यात तशी रीत आहे. शंका आली की समासात प्रश्नचिन्ह टाकायचं, गिऱ्हाईक बघतं आणि काय ते सांगतं. मालकांनी ते बघितलं आणि विचारलं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मालक वाईट माणूस नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि मग स्वतःच्या हातानं माझं प्रश्नचिन्ह खोडलं.

"बाई, प्रूफरीडरनं प्रतीतली चूक दुरुस्त करायची. हॉस्पिटलची नाही."

"मग हे भाषांतर तुम्हीच करा."

"असं काय करता? दोन तर शब्द आहेत. पायोनिअरला काय लावताय? 'आद्य' बरं दिसेल. नाहीतर 'युगपुरुष' टाका, वजन येतं."

मी काहीच टाकलं नाही. पण शब्द डोक्यात घुसला होता, तो निघेना. छापखान्यात एक जाडजूड इंग्रजी कोश आहे, त्याचा उपयोग मालक मुख्यत्वे ओले कागद दाबायला करतात. मी त्यावरचे कागद बाजूला केले आणि शब्द काढला.

मला वाटलं होतं, असेल काहीतरी राजेशाही. मुकुट, तलवार, असलं काही. कुठलं काय! हा शब्द निघाला पायातून. जुन्या फ्रेंच भाषेत पायदळातल्या साध्या शिपायाला तसलं काहीसं म्हणत. त्यांतल्या काहींच्या हातात कुदळ-फावडं देऊन त्यांना फौजेच्या पुढे पाठवायचे. रस्ता नसेल तिथे रस्ता करायचा, झाडं तोडायची, खंदक खणायचे. मागून घोडेस्वार येणार, सरदार येणार, त्यांच्यासाठी वाट मोकळी करायची. पहिला म्हणजे हा. बुद्धिबळातल्या प्याद्याचं इंग्रजी नाव त्याच घराण्यातलं, आणि कचेरीत पाण्याचे ग्लास ठेवणाऱ्या प्यूनचंही. पुढे शेकडो वर्षांनी कुणीतरी तो शब्द त्या बिचाऱ्याच्या अंगावरून काढला, धुतला, इस्त्री केली आणि मोठ्या माणसांना घातला.

मी ते दोनदा वाचलं. वाचताना मला भुंगाच दिसत होता. हातात फावडं नव्हतं, पाने-पक्कडीची पिशवी होती, एवढाच फरक.

भुंगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यांच्यात एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण कुणी मोडायचं नाही. ज्यानं लिफ्ट दुरुस्त केली त्यानंच तीत पहिलं बसायचं. एकट्यानं. अगदी वर जायचं, खाली यायचं, दार उघडायचं आणि मग इमारतीतल्या लोकांना म्हणायचं, या. लोक तोवर खाली पिशव्या घेऊन कुरकुरत उभे असत. आई त्याला म्हणायची, "मेल्या, तूच कशाला बसतोस? आधी एखादी गोणी पाठवावी." तो म्हणायचा, "गोणी खाली येऊन सांगत नाही ना, कुठे खडखडतंय ते."

त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की बाहेर हे ऑपरेशन होतं, पण इथे अजून कुणावर केलेलं नाही, विचार करा. भुंग्यानं विचार केलाच नाही. "कुणीतरी पहिलं बसायला हवंच," म्हणाला. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही, पण ते हसले.

किडनी लागली. बाटलीत पहिली लघवी उतरली तेव्हा अख्ख्या वॉर्डानं आनंद केला. लघवीसाठी माणसं एकमेकांना मिठ्या मारताहेत असं दृश्य मी आयुष्यात पुन्हा बघितलेलं नाही. पण तो होता साध्या वॉर्डात, चाळीस खाटांच्या मधोमध. शरीरानं परकी किडनी टाकून देऊ नये म्हणून जी औषधं देत, त्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद जायची. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा रात्रंदिवस खोकत होता. भेटायला येणारे येत होते, खाटेवर बसत होते, पाठीवरून हात फिरवत होते. ताप चढला, छाती भरली आणि माझी धडधाकट किडनी पोटात घेऊन माझा भाऊ न्यूमोनियानं गेला.

त्यानंतर हॉस्पिटलनं वॉर्डाच्या टोकाला काचेची खोली बांधली. आत एकच खाट, नातेवाईक काचेबाहेर. शिंपी त्या खोलीत राहिला आणि वाचला. हे मला तेव्हाच्या सिस्टरनी सांगितलं होतं, रस्त्यात थांबवून, हात धरून. "तुमच्या भावानं आम्हाला शिकवलं," म्हणाल्या होत्या. शिकवलं, मग फळ्यावरून पुसून टाकलं.

घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. आई ऐंशीच्या पुढची आहे. जुने स्वेटर उसवायचे आणि त्याच लोकरीचे नवे विणायचे, हा तिचा दिवसभराचा उद्योग. घरात कुणाला स्वेटर नको असतो, तिला थांबायचं नसतं. तिनं ऐकून घेतलं आणि लोकर गुंडाळत म्हणाली, "गाडलेली मढी उकरू नयेत."

"गाडलेलं नाहीये आई. मोजलेलंच नाहीये."

"मग मोजून काय करणार आहेस?"

"सांगायला लावणार. त्यांच्या तोंडून."

"लाव," आई म्हणाली. "तुला कधी कुणी थांबवू शकलंय?" त्या वाक्यात काहीतरी कडू होतं, पण मी माझ्याच रागात होते, मला ते लागलं नाही.

मोठे डॉक्टर आता ऑपरेशनं करत नाहीत, पण हॉस्पिटलात त्यांची खोली आहे. दारावर नाव, आत गालिचा, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून चिनीमातीची किडनी ठेवलेली. मला वाटलं होतं ते ओळखणार नाहीत. ओळखलं तर काय बोलायचं ते मी ठरवलंच नव्हतं. आणि त्यांनी नेमकं ओळखलं. उभे राहिले, खुर्ची पुढे केली.

"लिफ्टवाल्याच्या ताई," ते म्हणाले. "तुमची तब्येत कशी आहे? एका किडनीवर काही त्रास?"

"माझं सोडा हो. माझ्या भावाचं बोला." मी मानपत्राची प्रत त्यांच्यापुढे टाकली. "इथे पहिला म्हणून शिंपी लिहिलाय."

त्यांनी वाचल्यासारखं केलं. "हे समितीनं लिहिलंय."

"तुम्हाला माहीत आहे ना पहिला कोण ते?"

"बघा ताई," ते आवाज मऊ करून म्हणाले. पेशंटला वाईट बातमी सांगतानाचा आवाज असतो ना, तो. "आमच्यात पहिली केस म्हणजे जी स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली ती. सगळीकडे असंच मोजतात. यात कुणाचा अपमान नाही."

"म्हणजे लिफ्ट खाली कोसळली तर तीत कुणी बसलंच नव्हतं असं धरायचं?"

"अपयश कुणी साजरं करत नाही हो."

"माझा भाऊ अपयश नव्हता! माणूस होता! आणि साजरं करा म्हणतेय कोण? सांगा म्हणतेय. एक वाक्य. व्यासपीठावरून सांगा की पहिला पेशंट वाचला नाही. बस. पुढे काय फुलं उधळायची ती उधळा."

त्यांनी चिनीमातीची किडनी इकडून तिकडे सरकवली. मग मी त्यांना तो शब्द सांगितला. सगळा. पायदळ, कुदळ, फावडं, पुढे जाऊन आधी मरणारा तो, मागून घोड्यावर येणारा तो. हात नाचवून सांगितलं. "तुम्हाला जे म्हणताहेत ना, ते मुळात तुम्ही नाहीच. ते माझा भाऊ आहे. तुम्ही मागचे घोडेस्वार."

मला वाटलं आता चिडतील. मला ते चिडायलाच हवे होते. पण त्यांचे डोळे चमकले. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मानपत्राच्याच पाठीवर लिहून घ्यायला लागले.

"फावडं... हे मला माहीतच नव्हतं. फारच सुंदर आहे हो. पायावरून, म्हणालात?"

"हो."

"छान. फार छान. बघतो मी, ताई. नक्की बघतो."

मी जिना उतरले तेव्हा मला चक्क हलकं वाटत होतं. मूर्ख बाई! त्यांनी लिहून घेतलं म्हणजे त्यांना पटलं असं मला वाटलं. पेन काढलेल्या माणसावर माझा असा विश्वास बसतो, हा माझा धंद्यातला दोष असेल.

समारंभ दुपारी होता, हॉस्पिटलच्याच सभागृहात. मी मधल्या रांगेत जागा धरली. व्यासपीठावर पाच खुर्च्या, फुलांच्या कुंड्या, मागे मोठा पडदा. शिंपी कडेच्या खुर्चीवर बसला होता. अंगावर स्वतः शिवलेला कोट असणार, खांद्याला एक सुरकुती नव्हती. म्हातारा झाला होता पण गाल तुकतुकीत होते. खरं सांगते, मला त्याचाही राग आला. त्यानं माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. तो फक्त जिवंत होता.

माझ्या शेजारी एक ठेंगणी बाई बसली होती, तीही नटूनथटून आलेली. तिनं मला कोपरानं ढोसलं. "ते कोट घातलेले आहेत ना, ते आमचे."

"असं का."

"त्यांच्या पोटात आहे ती माझी," ती म्हणाली आणि स्वतःच खुदखुदली. "भांडण झालं की मी म्हणते, आधी माझी वस्तू परत करा."

मला हसू आलं नसतं तर बरं झालं असतं. मी विचारलं, "मग तुम्ही वर का नाही?"

"मला कशाला बोलवतील? मी काय केलं?" ती म्हणाली आणि पदर सावरून पुढे बघू लागली. मीही पुढे बघू लागले.

भाषणं झाली. मानपत्र वाचलं गेलं, 'रुग्ण क्रमांक एक' आला तेव्हा शिंपी उभा राहिला, टाळ्या झाल्या. मग मोठे डॉक्टर उठले. त्यांनी सुरुवात छान केली. जुने दिवस, तुटपुंजी साधनं, न झोपलेल्या रात्री. मी खुर्चीच्या कडेला आले होते. मग ते थांबले, चष्मा काढला.

"तुम्ही मला पायोनिअर म्हणालात," ते म्हणाले. "पण या शब्दाचा अर्थ माहीत आहे तुम्हाला? हा शब्द सरदारांचा नाही. हा आहे पायदळातल्या साध्या शिपायाचा. हातात फावडं घेऊन तो फौजेच्या पुढे जायचा, काटेकुटे काढायचा, वाट करून द्यायचा. मित्रहो, मी तेवढाच आहे. मी फक्त एक फावडेवाला."

सभागृह दणाणलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पुढच्या रांगेतला एक माणूस तर रुमालानं डोळे पुसत होता. शेजारची बाई म्हणाली, "किती नम्र आहेत हो!"

मी मरेपर्यंत ते विसरणार नाही. मी त्या माणसावर दगड फेकला होता, आणि त्यानं तो स्वतःच्या पुतळ्याखाली चौथरा म्हणून लावला.

टाळ्या संपल्या, लोक बसले. मी उभीच होते.

"पुढचं सांगा," मी म्हणाले.

आवाज माईकशिवाय शेवटपर्यंत गेला असणार, कारण सगळ्या माना वळल्या. निवेदन करणारी मुलगी घाईघाईनं म्हणाली, "प्रश्न नंतर घेऊ या, मावशी. बसून घ्या."

"मी कुणाची मावशी नाही. डॉक्टर, पुढचं सांगा. फावडं घेऊन पुढे कोण गेलं? तुम्ही गेलात? तुम्ही टेबलाच्या अलीकडे उभे होतात. टेबलावर कोण होतं?"

डॉक्टरांनी माईक जवळ घेतला. "या ताईंना त्या काळात फार दुःख सोसावं लागलंय," ते सभागृहाला म्हणाले. "त्या भावनेच्या भरात आहेत. आपण समजून घेऊ या."

समजून घेऊ या! रडणाऱ्या बाईला समजून घेतात, चिडलेल्या बाईलाही तेच म्हणून गप्प करतात. "मला समजून घेऊ नका," मी ओरडले, "उत्तर द्या! पहिला कोण होता?"

एक स्वयंसेवक माझ्या रांगेत शिरला. लोकांचे गुडघे ओलांडत तो येत होता आणि मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती, उचलून नेलं तर खुर्चीसकट नेतील म्हणून. तेवढ्यात माईक खरखरला. शिंपी उठला होता. त्यानं डॉक्टरांच्या हातातून माईक घेतला, हिसकावला नाही, कापड मागून घ्यावं तसा घेतला.

"माझ्याआधी एक होता," तो म्हणाला. "मला तेव्हाच माहीत होतं. काचेच्या खोलीत मी एकटा असायचो, मला वाटायचं ही खोली माझ्यासाठी बांधली. मग झाडूवाल्या बाईनं सांगितलं, तुमच्याआधी एक पोरगा होता, तो गेला म्हणून ही बांधली. हॉस्पिटलवाले म्हणाले होते, कुणाला बोलू नका, नवे पेशंट घाबरतील. मी घाबरलोच होतो. नंतर घाबरायचं राहिलं, आणि बोलायचंही राहिलं. लोक पहिला पहिला म्हणायचे, मला बरं वाटायचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं सांगत नाही. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग आहे.

"टाळ्या वाजवू नका!" मी किंचाळले. घसा फाटला. "माणूस मेला आहे! टाळ्या कसल्या वाजवताय?"

मग मात्र शांत झालं. स्वयंसेवक अर्ध्या रांगेत तसाच कुणाच्यातरी पायांवर उभा राहिला. शिंप्यानं माईक डॉक्टरांना परत दिला आणि त्यांच्याकडे बघत उभा राहिला, बसला नाही. डॉक्टरांचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं. त्यांनी कागदावर काही आहे का ते बघितलं. कागदावर काही नव्हतं.

"खरं आहे," ते शेवटी म्हणाले. त्यांचा तो मऊ आवाज गेला होता. "पहिला पेशंट वाचला नाही. त्याला वॉर्डात ठेवणं ही आमची चूक होती. माझी. त्याच्यानंतर आम्ही शिकलो." मग म्हणाले, "पहिला तो."

एवढंच. मला हवं होतं ते वाक्य, वर दोन जास्तीची. मी खुर्चीची पाठ सोडली. बोटं वाकडी झाली होती, सरळ होईनात. निवेदिकेनं बाहेर चहाची सोय आहे असं सांगितलं आणि लोक कुजबुजत उठले. शिंप्याची बायको माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी विचारायचं असावं, पण मी थांबले नाही.

घरापर्यंत चालत गेले. वाटेत मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि मला ते आईपुढे ठेवायची घाई झाली होती. जिंकून आले होते मी. पंचवीस वर्षांनी का होईना, वठणीवर आणलं होतं.

आई खिडकीशी बसली होती, मांडीवर अर्धा उसवलेला स्वेटर. चपला काढायच्या आधीच मी सांगायला सुरुवात केली. फावडं, टाळ्या, शिंपी, सगळं. "आणि शेवटी म्हणाले, आई. सगळ्यांसमोर म्हणाले. चूक आमची, आणि पहिला तो."

आई लोकर गुंडाळत राहिली.

"ऐकलंस ना? पहिला तो म्हणाले."

"ऐकलं."

"मग?"

"आणि तुझं काय म्हणाले?"

"माझं? माझं काय म्हणायचंय?"

आईनं लोकरीचा गुंडा खाली फेकला. फेकला म्हणजे खरंच फेकला, तो लोळत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. मी माझ्या आईला इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. मला राग कुठून मिळाला, ते मला त्या दिवशी कळलं.

"पहिला तो कसा?" ती म्हणाली. "आधी आत कुणाला नेलं? तुला नेलं. किडनी काढल्याशिवाय बसवतील कशी? तो बाहेर खाटेवर पडून गुणगुणत होता, तेव्हा तुझ्या पोटावर सुरी फिरत होती. जो आजारी असतो त्याला नेतात, ते समजतं गं. तुला काय झालं होतं? नखात रोग नाही, आणि चालत गेलीस. नर्सनं तुझा चष्मा आणून माझ्या हातात दिला. मी तो धरून उभी. हिला काही झालं तर कुणाच्या नावानं बोंब मारू? डॉक्टरच्या? पोराच्या? त्याच्यासाठीच तर गेली होती! मी त्या दारापाशी तुला शिव्या देत होते. डॉक्टरला नाही, तुला."

"आई..."

"गप्प बस. तो गेला तेव्हा सगळे त्याच्यासाठी रडले. रडणारच. तू पोट धरून वाकून चालत होतीस. भिंतीला टेकत टेकत त्याच्या मागून गेलीस. कुणी विचारलं तुला, दुखतंय का? कुणी नाही. मीही नाही विचारलं. मीही नाही!" तिचा आवाज चिरकला. "पंचवीस वर्षं त्याच्यासाठी भांडत फिरतेस. डॉक्टरला वठणीवर आणलं म्हणे! आज तरी त्यानं विचारलं का, तू कशी आहेस?"

विचारलं होतं. त्याच्या खोलीत गेल्या गेल्या त्यानं पहिलं तेच विचारलं होतं, आणि माझं सोडा हो म्हणून मीच त्याला झटकलं होतं. ते आईला सांगायला मी तोंड उघडलं.

"दुखायचं का गं?" आईनं विचारलं.

मला इतका संताप आला की काय सांगू. आत्ता विचारतेस? पंचवीस वर्षांनी? असं ओरडायचं होतं मला, आणि ओरडलेही असते.

"हो," मी म्हणाले, "फार दुखायचं," आणि चपला पायात तशाच ठेवून जमिनीवर बसून मी रडायला लागले.